फूल त्याच्या रानासकट

सप्टेंबरात साताऱ्याच्या कास पठारावरून परतलेल्या कोणाच्याही फोनमधली छायाचित्रे पाहा, त्यांत दोन साचे दिसतील. पहिल्यात मधोमध तेरडा किंवा सोनकी आणि मागे हिरवट धुरकट पडदा. फूल सुरेख असते, पण ते पठारावर उमलले की पुण्यातल्या एखाद्या गच्चीवरच्या कुंडीत, हे चित्रावरून कळत नाही. दुसऱ्या साच्यात दूरवर पसरलेले जांभळे-पिवळे पट्टे, वर ढग आणि क्षितिज. तिथे जागा आहे, पण फूल नाही. फुलाची ओळख आणि त्याच्या गावाची ओळख एकाच चौकटीत आणणारा तिसरा मार्ग फार थोडे लोक धरतात. वाइड-अँगल लेन्स घेऊन फुलापासून वीतभर अंतरावर जायचे, छिद्र लहान ठेवायचे आणि समोर मोठे फूल, मागे त्याचे सारे रान अशी चौकट बांधायची. छायाचित्रकार याला वाइड-अँगल क्लोज-अप म्हणतात, आणखी जवळ गेले तर वाइड-अँगल मॅक्रो.

या पद्धतीबद्दल बरेच गैरसमज आहेत. 'वाइड-अँगलला डेप्थ ऑफ फील्ड (स्पष्टतेची खोली) जास्त मिळते, म्हणून फूल आणि डोंगर दोन्ही स्पष्ट येतात', हे वाक्य कॅमेऱ्याच्या जवळपास प्रत्येक वर्गात ऐकू येते. फुलांच्या अंतरावर ते खरे नाही. सह्याद्रीतल्या रानफुलांसाठी माझ्या मते ही पद्धत सर्वांत प्रामाणिक आहे, पण तिचे सामर्थ्य लोक समजतात तिथे नाही. ते नेमके कुठे आहे हे पाहण्याआधी ती आली कुठून ते पाहू.

फुलाचा कण न् कण स्पष्ट दाखवण्याची हौस जुनी आहे. बर्लिनमध्ये शिकवणाऱ्या कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी कळ्या, देठ आणि कोंब मोठे करून टिपले. त्यांचे 'उर्फॉर्मेन डेर कुन्स्ट' हे पुस्तक १९२८ मध्ये आले. अमेरिकेत इमोजेन कनिंगहॅम यांनी १९२५ मध्ये टिपलेले मॅग्नोलियाचे फूल आजही विद्यार्थ्यांना दाखवले जाते. त्याच कनिंगहॅम १९३२ मध्ये ॲन्सेल ॲडम्स आणि एडवर्ड वेस्टन यांच्याबरोबर 'ग्रुप एफ/६४' या मंडळात होत्या. मोठ्या कॅमेऱ्यावरचे अगदी लहान छिद्र, म्हणजे अधिकाधिक स्पष्टता, हेच त्यांनी नाव म्हणून घेतले. तरी या दोघांच्याही फुलांना जागा नाही. ब्लॉसफेल्ट यांच्यामागे कोरा कागद, कनिंगहॅम यांच्या चौकटीत पाकळ्या आणि केसर. फूल त्याच्या भूमीपासून सुटे काढूनच पाहिले गेले.

फूल आणि भूमी एकत्र आणण्याचे काम केले ते निसर्गदृश्ये टिपणाऱ्यांनी. डेव्हिड मुन्च यांच्यासारख्या अमेरिकी छायाचित्रकारांनी पश्चिमेकडच्या वाळवंटात मोठा कॅमेरा जमिनीलगत आणला. समोर निवडुंगाचे फूल, मागे कडे आणि पर्वतरांगा, दोन्ही स्पष्ट. ही किमया वाइड-अँगलएवढीच लेन्स झुकवण्याच्या सोयीची होती. थिओडोर शाइमफ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने १९०४ च्या सुमारास लेन्स झुकवून स्पष्टतेची पातळी वळवण्याच्या तत्त्वाची पेटंटे घेतली होती. त्याची गरज फुलांची नव्हती, नकाशांची होती. बलूनमधून तिरके टिपलेले फोटो त्याला सरळ करायचे होते.

छोट्या कॅमेऱ्यांना हे उशिरा जमले. एसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा हलतो, म्हणून लेन्स सेन्सरच्या फार जवळ बसवता येत नाही आणि साधी वाइड-अँगल रचना तिथे चालत नाही. फ्रान्सच्या आन्जेन्यू कंपनीने १९५० मध्ये रेट्रोफोकस रचनेची ३५ मिमी लेन्स आणून हा अडसर दूर केला. दुसरी अडचण जवळच्या अंतराची होती. दूरसाठी घडवलेली वाइड-अँगल जवळ आणली की कडा ढासळतात. निकॉनने १९६७ मध्ये २४ मिमी एफ/२.८ लेन्समध्ये फोकस करताना काचांचे गट आपसात वेगळ्या प्रमाणात सरकतील अशी योजना केली. जवळून काढलेल्या चित्राचे कोपरे तेव्हापासून सुधारत गेले. आजच्या वाइड-अँगल लेन्स वीतभर अंतरावर विश्वासाने वापरता येतात, त्यामागे हा जुना उपाय आहे.

पुढची मजल फुलांपेक्षा कीटकांच्या छायाचित्रकारांनी मारली. जपानचे सातोशी कुरिबायाशी यांनी कीटकाच्या उंचीवरून जग दाखवणारी लांबट, बारीक लेन्स स्वतःच घडवली. तिच्यात टोळाचे डोके चौकटभर दिसते आणि मागे शेत, घर, आभाळ ओळखू येते. २००६ मध्ये त्यांना लेनार्ट निल्सन पुरस्कार मिळाला. कीटकशास्त्रज्ञ पिओत्र नास्क्रेत्स्की यांच्या 'द स्मॉलर मेजॉरिटी' (२००५) या पुस्तकात हीच दृष्टी आहे. प्राणी लहान, पण त्याचे जंगल मागे उभे. समुद्राखाली काम करणाऱ्यांना तर हे फार आधी उमगले होते. पाणी गढूळ असते, म्हणून विषयाच्या अगदी जवळ जावे लागते, आणि प्रवाळ त्याच्या खडकासह दाखवायचे तर फिशआय लागते. पॉल हार्कोर्ट डेव्हिस आणि क्ले बोल्ट या निसर्ग छायाचित्रकारांनी या साऱ्या अनुभवाचे पुस्तकच केले. गंमत अशी की हेच बोल्ट नियाल बेन्व्ही यांच्यासोबत 'मीट युअर नेबर्स' या उपक्रमात जीवांना पांढऱ्या पार्श्वभूमीवर टिपत होते. पार्श्वभूमी पूर्ण काढून टाकणे आणि पूर्ण दाखवणे, दोन्ही एकाच माणसाने मनापासून केले. मला यात विसंगती दिसत नाही. अर्धवट धूसर हिरव्यावर समाधान मानायचे नाही, एवढेच दोन्हींत समान आहे.

आता मुख्य मुद्दा, प्रकाशशास्त्राचा. इथे थोडे हिशेब करावेच लागतात.

तेरड्याचा वीतभर उंचीचा झुपका आहे असे समजा. तो ३६ मिमी रुंदीच्या फुल-फ्रेम सेन्सरवर प्रत्यक्षाच्या एक दशांश आकाराचा हवा, म्हणजे चौकटीत झुपक्याच्या पातळीवर ३६ सेंमी रुंदी मावेल. २० मिमी लेन्सने हे साधायला साधारण २२ सेंमी अंतर लागते, १०० मिमीने ११० सेंमी. दोन्हींवर छिद्र एफ/१६. सेन्सरवरची स्वीकारार्ह धूसरता ०.०३ मिमी धरली, तर दोन्ही लेन्सची डेप्थ ऑफ फील्ड जवळपास सारखीच येते, सुमारे साडेदहा-अकरा सेंमी. विवर्धन आणि छिद्राचा क्रमांक तोच असेल, तर फुलाभोवतीच्या स्पष्टतेची खोली लेन्सची लांबी बदलून फारशी बदलत नाही. फरक पडतो तो वाटणीत. १०० मिमीची खोली फुलाच्या पुढे आणि मागे जवळजवळ समान वाटली जाते, तर २० मिमीची पुढे सुमारे चार सेंमी आणि मागे सुमारे सात. म्हणून वाइड-अँगलने फोकस फुलाच्या पुढच्या कडेला करावा, मागचा भाग आपोआप सांभाळला जातो.

मग मागचा डोंगर स्पष्ट वाटतो तो कशामुळे? इथे हिशेब आणखी रंजक होतो. एफ/१६ ला २० मिमी लेन्सच्या छिद्राचा व्यास सव्वा मिमी, १०० मिमीचा सव्वासहा मिमी. व्यास पाचपट, पण अंतरही पाचपट. त्यामुळे झुपक्याच्या मागे दहा मीटरवर असलेल्या झाडाचे पावणेसहा सेंमीपेक्षा लहान सगळे तपशील दोन्ही लेन्सवर सारखेच पुसले जातात. एक किलोमीटर मागच्या टेकडीवर साडेपाच-सहा मीटरच्या आतले सारे जाते, तेही दोन्हींवर. वाइड-अँगल पार्श्वभूमीचा एकही जादा तपशील वाचवत नाही.

वाचवते ती जागा. त्या एक किलोमीटरवर १०० मिमी लेन्स फक्त ३६० मीटर रुंदी पाहते, २० मिमी लेन्स १.८ किलोमीटर पाहते. सहा मीटरचे तपशील गेले तरी दोन किलोमीटरच्या डोंगराची रेघ, त्याचा उतार, माथ्यावरचे ढग ओळखू येतात. त्याच डोंगराचा ३६० मीटरचा तुकडा मात्र निव्वळ हिरवा डाग होतो. चित्रात मोजले तर अनंतावरच्या एका बिंदूचा डाग २० मिमीवर चौकटीच्या रुंदीच्या सुमारे २९० व्या भागाएवढा पडतो आणि १०० मिमीवर ५८ व्या भागाएवढा. पहिला डाग मध्यम आकाराच्या छापील चित्रात डोळ्याला खुपत नाही, दुसरा दुरूनही दिसतो. दृश्याचा आवाका डागाच्या तुलनेत मोठा राहतो, म्हणून डोळा त्याला स्पष्ट मानतो.

हे समजले की कितीतरी निर्णय सोपे होतात. पार्श्वभूमी म्हणून गवत, झुडुपे, पाने असे बारीक काही निवडले, तर वाइड-अँगल घेऊनही ते मळकट होणार. आकाराने मोठे, बाह्यरेषेने ओळखू येणारे काही निवडले, तर ते टिकणार. म्हणजे कड्याची धार, तलावाची कड, एकटे झाड, पावसाचा ढग. कासच्या फुलांसाठी मागे कास तलावाचे पाणी किंवा ढगात अर्धा बुडालेला सुळका ही उत्तम पार्श्वभूमी ठरते. फुलामागे लगेच असलेले दाट गवत मात्र चित्र बिघडवते.

फूल लहान असले की खेळ कठीण होतो. 'सीतेची आसवे' हे निळे-जांभळे फूल सेंटिमीटरभराचे असते. त्यासाठी विवर्धन पाव पट केले, तर चौकट १४ सेंमी रुंद होते, एफ/१६ ला डेप्थ ऑफ फील्ड दोन सेंमीपेक्षाही कमी आणि २० मिमी लेन्सला अंतर १० सेंमी. तेही लेन्सच्या आतल्या बिंदूपासून मोजलेले, पुढच्या काचेपासून फूल त्याहून जवळ. अर्ध्या पटीला खोली जेमतेम सहा मिमी उरते आणि पार्श्वभूमीवरचा डाग एक दशांश विवर्धनाच्या तुलनेत पाचपट होतो. जितके जवळ जाल तितकी मागची जागा निसटते, लेन्स कितीही वाइड असो. 'मॅक्रो' या शब्दाच्या मोहाने एकास एकपर्यंत गेलेली वाइड-अँगल चित्रे बरेचदा फसतात ती यामुळे. या पद्धतीचे खरे घर एक दशांश ते पाव पट या टप्प्यात आहे. एकेकट्या इवल्या फुलापेक्षा दहा-पंधरा फुलांचा गुच्छ, कारवीची फांदी, गेंदाची वसाहत यांना ती अधिक शोभते.

मग छिद्र आणखी लहान का करू नये? विवर्तनामुळे. एफ/१६ ला एक दशांश विवर्धनावर प्रकाशबिंदूभोवतीची चकती सुमारे ०.०२४ मिमी होते, एफ/२२ ला ०.०३२ मिमी, म्हणजे आपण धरलेल्या ०.०३ मिमीच्या मर्यादेबाहेर. तिथून पुढे सगळे सारखेच मऊ होत जाते. फुल-फ्रेमवर एफ/११ ते एफ/१६, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर एफ/८ ते एफ/११ या पल्ल्यात राहावे. मागचा डोंगर थोडा मऊ आला तरी चालेल. किंबहुना तो थोडा मऊ असावाच, नाहीतर फूल आणि डोंगर एकाच पातळीवर चिकटवल्यासारखे दिसतात. अनंतापर्यंत सगळे सारखेच धारदार करण्याच्या अट्टहासापेक्षा 'ओळखू येईल इतके स्पष्ट' हे माप मला अधिक योग्य वाटते.

लहान छिद्राची किंमत वाऱ्यापाशी मोजावी लागते. पठारावर ढगाळ सकाळी आयएसओ १०० आणि एफ/१६ ला शटर १/१५ सेकंदापर्यंत खाली येते, आयएसओ ८०० ला १/१२५. वाइड-अँगलने हात हललेला खपतो ही समजूत दूरच्या दृश्यांपुरती खरी आहे. जवळच्या फुलाला विवर्धनच लागू पडते. एक दशांश विवर्धनावर फूल त्या क्षणात एक मिलिमीटर हलले, तर सेन्सरवर ०.१ मिमीची ओढ उमटते, स्वीकारार्ह धूसरतेच्या तिप्पट. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, वारा थांबतो तो क्षणभर. म्हणून आयएसओ वाढवायला कचरू नये. आजचे सेन्सर ८०० किंवा १६०० आयएसओ सहज झेलतात, आणि हललेले फूल मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने स्थिर होत नाही. वाऱ्याआड हाताचा किंवा छत्रीचा आडोसा धरावा. फुलाचा देठ क्लिपने बांधणे मला पटत नाही.

सबंध गालिचा स्पष्ट हवा असेल, तर झुकणारी लेन्स हे आजही सर्वांत शुद्ध उत्तर आहे. कॅननची २४ मिमी टिल्ट-शिफ्ट लेन्स, २००९ मध्ये सुधारलेली, २१ सेंमीवर फोकस करते आणि साडेआठ अंशांपर्यंत झुकते. हिशेब सोपा आहे. कॅमेरा सड्यापासून २० सेंमी उंचीवर असेल, तर सुमारे सात अंश झुकवल्यावर स्पष्टतेची पातळी जमिनीला समांतर पसरवता येते, पायाजवळच्या गेंदापासून पठाराच्या कडेपर्यंत. गेंद, सीतेची आसवे, पाण्यात उभा वायतुरा अशा बुटक्या, सपाट पसरलेल्या वसाहतींना हे जणू मापाने शिवल्यासारखे बसते. एकट्या उंच दांड्याला मात्र उपयोग नाही, कारण दांडा त्या पातळीबाहेर निघतो. किंमत पाहता ही लेन्स भाड्यानेच घ्यावी.

दुसरा उपाय फोकस स्टॅकिंग. फोकस थोडा थोडा मागे सरकवत अनेक फोटो घ्यायचे आणि हेलिकॉन फोकस, झेरीन स्टॅकर किंवा फोटोशॉपमध्ये एकत्र करायचे. वाइड-अँगलवर यात एक सापळा आहे. मॅक्रोवाले बरेचदा कॅमेराच रेलवरून पुढे सरकवतात. तसे वाइड-अँगलने केले, तर प्रत्येक पावलाला दृश्याचा दृष्टिकोन बदलतो आणि पाकळीमागचा डोंगर सरकतो. इथे फोकसची कडीच फिरवावी. तरीही पाकळीच्या कडेला एक अस्पष्ट किनार उरते, कारण मागच्यावर फोकस करताना पुढची धूसर पाकळी पसरून मागचा थोडा भाग झाकते. तो भाग कुठल्याच फोटोत नसतो, सॉफ्टवेअर तो अंदाजाने भरते. वारा असेल तर स्टॅकिंगचा विचारच सोडावा. दोनच फोटो, एक फुलावर आणि एक मागे, असा माफक वापर मला मान्य आहे. डोंगर वेगळ्या ठिकाणचा जोडला तर ते या पद्धतीचे मूळच उपटणे झाले, कारण इथे जागा खरी असणे हाच सारा अर्थ आहे.

साधनांबद्दल थोडक्यात. जवळ फोकस करणाऱ्या वाइड-अँगल लेन्स आता बऱ्याच आहेत. सिग्माची जुनी २४ मिमी एफ/१.८ मॅक्रो १८ सेंमीवर फोकस करते आणि वापरलेली मिळाली तर चांगलीच. निकॉनची २० मिमी एफ/१.८ अंतर २० सेंमीपर्यंत आणते. कॅननची आरएफ २४ मिमी एफ/१.८ (२०२२) अर्ध्या पटीपर्यंत जाते. व्हीनस ऑप्टिक्सच्या लाओवा १५ मिमीने २०१५ मध्ये एकास एक गाठले, पण तेव्हा फूल काचेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर येते आणि लेन्सचीच सावली त्यावर पडते. तिचा खरा उपयोग पाव पटीला. त्याच कंपनीची २४ मिमी प्रोब लेन्स सुमारे ४० सेंमी लांब नळीसारखी आहे. टोकाला छोटे दिवे असलेली ही लेन्स झुडपात घुसवता येते, पण तिचे सर्वांत मोठे छिद्र एफ/१४, म्हणजे प्रकाशाची उपासमार. एक्स्टेन्शन ट्यूब वाइड-अँगलला सहसा मानवत नाही. २० मिमीवर १२ मिमीची नळी लावली तर विवर्धन एकदम ०.६ पट होते आणि फूल काचेला टेकू लागते. फिशआयची वळणारी क्षितिजरेषा फुलांना क्वचितच शोभते.

खरे लोकशाहीकरण फोनने केले आहे. २०२१ च्या आयफोन १३ प्रो मध्ये अल्ट्रा-वाइड कॅमेऱ्याला ऑटोफोकस आला आणि तो दोन सेंमीपर्यंत फोकस करू लागला. अनेक अँड्रॉइड फोनांतही हे आहे. फोनचा सेन्सर इतका लहान असतो की एफ/१.८ ला त्याची खोली फुल-फ्रेमवरच्या सुमारे एफ/१५ एवढी भरते. झुकून, बसून, लहान छिद्र लावून जे आपण मिळवतो, ते फोनमध्ये जन्मजात आहे. मग लोक पोर्ट्रेट मोड लावून ती खोली कृत्रिमपणे पुसून का टाकतात, हे मला खरोखर समजत नाही. फोनचा आणखी एक गुण म्हणजे तो उलटा धरला की कॅमेरा जमिनीला टेकतो. बोटभर उंचीच्या फुलाच्या बरोबरीने आभाळ पाहण्यासाठी याहून सोपे साधन नाही. काही स्वस्त फोनांत वेगळा दोन मेगापिक्सेलचा 'मॅक्रो' कॅमेरा दिलेला असतो. तो टाळावा आणि मुख्य कॅमेऱ्याने थोडे मागून घ्यावे.

या पद्धतीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप वनस्पतिशास्त्राकडून येतो आणि तो रास्त आहे. २२ सेंमीवरून पाहिलेल्या पाच सेंमी खोल फुलात पुढची पाकळी मागचीपेक्षा पंचवीस टक्क्यांच्या आसपास मोठी दिसते, ११० सेंमीवरून हा फरक पाच टक्क्यांच्या आत राहतो. श्रीकांत इंगळहळीकर यांच्या 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' सारख्या मार्गदर्शिकेत जे चित्र लागते, त्यात पाकळ्यांचे प्रमाण, पुष्पकोश, पानांची रचना खरी असावी लागते. तिथे लांब मॅक्रो लेन्सच योग्य. पण वनस्पतीची दुसरी ओळख तिच्या अधिवासात असते, आणि तिथे मॅक्रो गप्प असते. सड्यावरच्या वनस्पती जांभ्याच्या कुठल्या खळग्यात, किती मातीत, किती पाण्यात उगवतात यावरच त्यांचे जगणे ठरते. जांभ्याच्या उथळ तळ्यातला वायतुरा आणि त्याच्या काठचा गेंद एका चित्रात दाखवले, तर पावसाळी पठाराची सारी व्यवस्था एका नजरेत समजते. संशोधकांनी दोन्ही चित्रे घ्यावीत.

इथे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे येते. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हटले, त्यांत कास आहे. पण कासच्या बाहेर, साताऱ्याच्याच चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. कोकणातल्या सड्यांवर चिऱ्यांच्या खाणी आणि आंब्याच्या बागा पसरल्या आहेत. पवनचक्कीच्या पायाशी उमललेला कवला टिपताना मागची पाती कापून टाकणारे चित्र खोटे नसते, पण अपुरे असते. तेच फूल वाइड-अँगलने घेतले तर पाती आत येतात, रस्ता येतो, खाणीचा काप येतो. दहा वर्षांनी कोणी तिथे उभे राहिले, तर काय होते आणि काय राहिले हे त्या चित्रावरून कळेल. धूसर हिरव्या पडद्यापुढच्या फुलातून ते कधीच कळणार नाही. सड्याचा हिशेब ठेवण्याची कामगिरी फूल टिपणाऱ्यांनी स्वतःकडे घ्यावी, यासाठी ही पद्धत मी मनापासून पुढे करतो.

मात्र तिच्यात एक मोठा धोका आहे आणि त्याबद्दल गप्प राहणे बरे नाही. १०० मिमीवाला एक मीटर लांब उभा असतो, तर वाइड-अँगलवाला वीतभर जवळ येऊन पालथा पडतो. जांभ्यावरची माती काही सेंटिमीटरचीच असते. एका माणसाच्या कोपराखाली, गुडघ्याखाली आणि ट्रायपॉडखाली उद्याची कितीतरी फुले जातात. हौशी छायाचित्रकारांच्या पाऊलवाटा पठारांवर दरवर्षी रुंदावत चालल्याचे कोणालाही दिसते. मधे आलेले गवत उपटून चौकट साफ करणे ही त्याहून वाईट सवय. ज्या जागेची साक्ष द्यायची, तीच आपण बदलतो. दुर्मिळ कंदीलपुष्पे आणि ऑर्किड यांच्या चित्रासोबत नेमके ठिकाण प्रसिद्ध करणेही टाळावे. चित्रात डोंगर ओळखू येत असेल, तर सावधपणा आणखी हवा. अशी चित्रे अभ्यासकांना द्यावीत, समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

प्रकाशाबाबत अनुभवाने ठरलेल्या दोन गोष्टी सांगतो. आभाळ चौकटीत आले की फूल काळवंडते, म्हणून पांढरा कागद किंवा डिफ्यूजर लावलेला छोटा फ्लॅश हाताशी ठेवावा. फ्लॅश इतका मंद की पाहणाऱ्याला तो जाणवू नये. सूर्य पाठीशी घेतला तर स्वतःचीच सावली फुलावर पडते, तेव्हा तो बाजूला किंवा समोर ठेवावा. समोरच्या प्रकाशात तेरड्याच्या पाकळ्या आतून उजळतात आणि लेन्सवरचा पावसाचा एक थेंबही चित्र बिघडवतो, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

येत्या पावसाळ्यात सड्यावर गेलात, तर पोर्ट्रेट मोड बंद करा, फोन उलटा धरून वाटेच्या कडेच्याच एखाद्या झुपक्यापाशी बसा आणि मागे काय आहे ते चौकटीत येऊ द्या. पठार असो, पवनचक्की असो की चिरेखाण. चित्रासोबत तारीख आणि गावाचे नाव लिहून ठेवा. वाट सोडून आत जायची गरज नाही. वाटेच्या कडेला पुरेशी फुले असतात.